भुंडे हात

“बाबा, तुम्हीच काढा की. तुम्ही तर कासार ना?”

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बोळात सिस्टर गायकवाड असं म्हणाल्या आणि आबांनी आपले दोन्ही हात पाठीमागं नेले. आई स्ट्रेचरवर आडवी होती. उंबऱ्यात पाय अडकून पडली होती आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. पाथर्डीहून तिला नगरला आणलं, कारण मी नगरला दिलेली आणि माझं घर दवाखान्यापासून जवळ. मंगळसूत्र, जोडवी माझ्या पर्समध्ये गेली होती. कुंकू स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून झालं होतं. राहिल्या होत्या त्या बांगड्या. हिरव्या, काचेच्या, हातात घट्ट बसलेल्या.

“न्हाई सिस्टर,” आबा म्हणाले. “आमचा हात बांगडी चढवतो. उतरवत न्हाई.”

“म्हणजे?”

“म्हंजी कासारानं बांगडी काढायची नसती. माझ्या बापानं काढली न्हाई, आज्यानं काढली न्हाई.”

“अहो आबा, ऑपरेशन आहे,” मी म्हणाले. “साबण लावा आणि सरकवा. एक तडा न जाता तुम्हालाच जमेल ते.”

“जमंल. पण काढणार न्हाई.”

आबांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सगळ्या तालुक्याला माहीत होतं, सिस्टरना नव्हतं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, घड्याळाकडे पाहिलं, मग आईच्या मनगटाला कापसाची पट्टी गुंडाळली आणि कात्रीच्या मुठीनं एकेक बांगडी फोडायला घेतली. आईला झोपेचं इंजेक्शन आधीच दिलेलं. डोळे अर्धे उघडे, नजर छताच्या दिव्याला लागलेली. बांगडीचा कट्‌ असा आवाज झाला की तिची पापणी लवायची. आबा भिंतीकडे तोंड करून ‘येथे थुंकू नये’ ही पाटी वाचत उभे होते.

स्ट्रेचर आत गेलं. दार लागलं.

“वाढवल्या,” आबा म्हणाले. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं, हे अशा वेळीसुद्धा ते विसरले नव्हते.

ऑपरेशन छान झालं. पहिला दिवस आई गुंगीतच होती. दुसऱ्या दिवशी तिला वॉर्डात खिडकीशेजारची खाट मिळाली आणि ती पुरती जागी झाली. मला म्हणाली, “रतन, पोरं शाळेत गेली का?” माझी पोरं कॉलेज संपवून नोकरीला लागली होती, पण मी म्हटलं असू दे, नाव तरी बरोबर घेतलं. मग तिनं पाणी मागितलं. पेला धरायला हात पुढं केला आणि तिची नजर मनगटावर गेली.

ती बघतच राहिली. उजवा हात बघितला, डावा बघितला. कपाळ चाचपलं. गळा चाचपला. आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी त्याआधी कधीही पाहिलं नव्हतं.

“कधी गेले गं?” तिनं विचारलं.

“कोण गेलं?”

“मला का नाही उठवलं? शेवटचं तोंड तरी बघितलं असतं की मी.”

आबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. माझ्या घरून चहाचा थर्मास घेऊन नुकतेच आले होते. मी त्यांना दंडाला धरून पुढं ओढलं. “हे बघ ना आई, आबा. हे काय उभे आहेत.”

आईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. पदर नव्हता, दवाखान्याचा झगा होता, तरी तिचा हात डोक्यावरून पदर ओढायला गेला. परक्या माणसासमोर जायचा तसा.

“बसा पाव्हणं,” ती म्हणाली. “लांबून आलात का?”

आबा हसले. त्यांना वाटलं, बायको थट्टा करते आहे. पन्नास वर्षांत तिनं केली नव्हती, पण वय झाल्यावर माणूस काय करेल सांगता येत नाही. मग आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि आबांचं हसू जागच्या जागी विरलं.

नेमक्या त्याच वेळी ठकूआत्या आली. आबांची धाकटी बहीण, मोठ्या आवाजाची आणि मऊ काळजाची. ती खाटेशी वाकते न वाकते तोच आईनं तिच्या गळ्याला मिठी मारली. “तुमचा भाऊ गेला हो वन्सं! मला पांढऱ्या कपाळाची करून गेला!”

आणि आत्यानं मागचापुढचा काही विचार न करता गळा काढला. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होत्या, आणि ज्याच्यासाठी रडत होत्या तो दीड हातावर थर्मास घेऊन उभा होता. शेजारच्या खाटेवरची बाईही डोळे पुसायला लागली. हसावं की रडावं ते मला कळेना. शेवटी आबांनीच बहिणीच्या पाठीवर हात ठेवला.

“ठके, मी हाय अजून.”

“ठाऊक आहे रे,” आत्या हुंदका देत म्हणाली. “पण वहिनी इतकं खरं रडायला लागली की मला राहवेना.”

संध्याकाळी डॉक्टर मुथा मॅडम राउंडला आल्या. तरुण होत्या, पण खाटेच्या कडेला बसून सावकाश बोलायच्या. “हे वेड नाही,” त्या म्हणाल्या. “ऑपरेशननंतर वयस्कर माणसांच्या बाबतीत पुष्कळदा होतं असं. भूल, वेदना, झोपमोड, अनोळखी जागा, सगळ्याचा मेंदूवर ताण येतो. मग दिवस-रात्र कळत नाही, माणसं ओळखू येत नाहीत. बहुतेकांचं काही दिवसांत उतरतं. काहींना वेळ लागतो. रक्त-लघवी तपासून घेऊ, जंतुसंसर्ग आहे का बघू. यांना चष्मा लागतो ना?”

चष्मा माझ्या पर्समध्येच होता, मंगळसूत्राशेजारी. मी जीभ चावली.

“तो लावा. दिवसा खिडकी उघडी ठेवा. ओळखीचं माणूस सतत जवळ हवं. वार कोणता, गाव कोणतं, सांगत राहा. पण वाद घालू नका. त्यांना जे वाटतंय ते त्यांच्यापुरतं खरं आहे, त्यांना दुखतंय तेही खरं आहे.”

“बांगड्या भरल्या तर?” आबांनी विचारलं. “त्या बघूनच ती अशी झाली.”

“हातातली सुई निघाली की भरा. चालेल. पण तेवढ्यानंच होईल असं सांगत नाही मी.”

आबांनी पुढचं वाक्य ऐकलंच नाही. सुई निघायची वाट बघत ते वॉर्डाच्या बाकावर बसून राहिले. मंगळसूत्र मी तिला आधीच घालून बघितलं होतं. आईनं ते काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “तुझ्या मुलीला होईल.” चष्मा लावला, तर तिला पाव्हणे अधिक स्पष्ट दिसायला लागले, एवढंच.

“माझा हात ओळखंल ती,” आबा मला म्हणाले. “तोंड विसरंल माणूस, हात न्हाई विसरत. मिरी गावच्या बाजारात पारूबाई यायची, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. ओळीत चार कासार बसलेले असायचे. तिनं नुसता हात पुढं करायचा. दुसऱ्या कुणी धरला की म्हणायची, हा न्हाई, नाथा कासार कुठाय?”

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि ती खरी होती. आबांचा हात म्हणजे लोणी. आठवडी बाजारात बायका त्यांच्यासाठी ताटकळत बसायच्या. पंजा हातात घेतला की अंगठ्याच्या मुळाशी असं काही दाबायचे की हाड जणू आत सरायचं, आणि घट्टातली घट्ट बांगडी मनगटावर जाऊन बसायची. “हात ढिला सोड ताई,” एवढंच म्हणायचे. नवी नवरी असो नाहीतर पणजी असो.

सुई निघाली त्या दुपारी आबा अंघोळ करून, टोपी घालून आले. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला हिरवा जोड होता. खाटेपाशी स्टूल ओढून बसले, जसे बाजारात बसायचे तसे, गुडघे रुंद करून. आईनं खिडकीकडे तोंड केलं होतं. त्यांनी तिचा डावा हात आपल्या हातात घेतला.

“हात ढिला सोड गं.”

आईनं मान वळवली. हात ओढून घेतला नाही. आबांचा अंगठा तिच्या अंगठ्याच्या मुळाशी गेला, हळूच दाबायला लागला. मला वाटलं, आता. आता ओळखते ती.

“कासार का तुम्ही?” आईनं विचारलं.

“व्हय.”

“मग डोळे फुटले का तुमचे? मालक गेलेत माझे. रांडवलेल्या बाईला बांगड्या भरतात का कुठं?”

“हात तरी बघ की. वळखू येतो का बघ.”

आईनं त्या हाताकडे पाहिलं. खरंच पाहिलं, उलटासुलटा करून, बाजारात भाजी बघावी तसा.

“हात चांगला आहे,” ती म्हणाली. “मऊ आहे. आमचे हेसुद्धा कासारच. लोक म्हणतात, त्यांच्यासारखा हात तालुक्यात नव्हता. पण कसा होता ते मला कुठं ठाऊक? गावोगावच्या बायकांचे हात धरले त्यांनी. माझा कधी धरला नाही.”

तिनं हात सोडवून घेतला आणि पांघरुणाखाली नेला. आबांनी बांगड्या पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळल्या. एरवी त्यांना एक घडी पुरायची, त्या दिवशी कागद उलगडून उलगडून जात होता.

मी जिन्यात गेले तेव्हा ते मधल्या पायरीवर बसले होते.

“आबा, खरं का हे?”

“माझ्या आईनं घालून दिलेली रीत,” ते म्हणाले. “ती म्हणायची, घरच्या बाईला आपण भरायच्या न्हाईत. तिचा हात येगळा, धंद्याचा हात येगळा. एकदा सरमिसळ झाली की परक्या लेकीबाळींचे हात धरताना मन थाऱ्यावर राहत न्हाई. म्हणून तुझ्या आईला तीच भरायची.”

“आजीला जाऊन जमाना झाला आबा.”

“पुढं तुझी आई आपल्या आपण भरायला लागली. मी कधी इचारलंच न्हाई.” थोडा वेळ ते आपले तळहात बघत राहिले. “त्या दिवशी साबण लावून मीच सरकवल्या असत्या तर तिनं तो आवाज ऐकला नसता. तिथंबी रीत आडवी आली. रतन, दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या घरात होता गं, आणि मी गावभर दिवा मिरवत होतो.”

मी त्यांच्याशेजारी बसले आणि आम्ही दोघं रडलो. वरखाली जाणारी माणसं वाट काढून जात होती. दवाखान्याच्या जिन्यात रडणाऱ्यांचं कुणाला नवल नसतं.

आता आबा गावाला निघून जाणार असं मला वाटलं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि आबांची तर मेल्यावरही गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. आईच्या खाटेपाशी जाऊन त्यांनी हात जोडले. “भेटायला आलो,” म्हणाले.

“बसा पाव्हणं.”

आणि मग हे रोजचंच झालं. दुखवट्याला आलेला माणूस जसा बसतो तसे आबा बसायचे. आई बोलायची. त्यांच्या दम्याबद्दल बोलायची, तिखट खाण्याबद्दल, रागावले की जेवणाचं ताट बाजूला न सारता स्वतःच बाजूला सरायचे त्याबद्दल. आबा मान हलवायचे. कधी विचारायचे, “मग माणूस कसा होता म्हणायचा?”

“वाईट नव्हता,” आई म्हणायची. “मारलं नाही कधी. उपाशी ठेवलं नाही. बाजारातून येताना माझ्यासाठी रेवड्या आणायचे. हातात द्यायचे नाहीत, कोनाड्यात ठेवायचे. मी आपली घ्यायची.”

एकदा आबांना यायला उशीर झाला, तर ती मला म्हणाली, “ते पाव्हणे नाही आले गं? भला माणूस आहे. ऐकून घेतो.” नवऱ्याला ओळखून असं बोलली असती तर किती गोड वाटलं असतं. मी उठून खिडकीशी गेले.

आबा आले तेव्हा आईनं एकदम विचारलं, “तुम्ही होता का हो त्यांच्यापाशी? शेवटाला?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. वाद घालू नका, असं मुथा मॅडम म्हणाल्या होत्या.

“व्हतो,” आबा म्हणाले.

“काही बोलले का?”

“बोलले. गोदा म्हणाले. गोदावरी.”

आईनं मान हलवली. “उगीच मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. त्यांनी कधी माझं नाव घेतलं नाही. ‘अगं’ म्हणायचे, नाहीतर ‘रतनची आई’.”

“न्हाई, खरंच घेतलं. मी माझ्या कानानं ऐकलं. गोदा, माझं चुकलं, असं म्हणाले.”

आईनं पांघरुणाच्या टोकानं डोळे पुसले आणि म्हणाली, “मग इतक्या उशिरा कशाला हो म्हणाले?”



आईवरचं ते मळभ उतरलं ते एका सकाळी, काही गाजावाजा न करता. औषधं चालू होती, लघवीतला जंतुसंसर्ग गेला होता, दोन दिवस झोपही नीट लागत होती. आबा थर्मास घेऊन आत आले आणि आई म्हणाली, “अहो, तुम्ही चहा घेतला का? का तसेच आलात?”

आबा दारातच थांबले.

“बघताय काय असे? आणि रतन, हे काय गं, माझे हात असे भुंडे का? घरात कासार असून सवाष्ण बाई अशी बसते का? लोक काय म्हणतील!”

मी तोंडाला पदर लावला. आबांनी थर्मास खाली ठेवला, पिशवी उघडली आणि तोच वर्तमानपत्राचा पुडा काढला. रोज बरोबर आणत होते, हे मला तेव्हा कळलं. स्टूल ओढून बसले.

“द्या इकडे, मी भरते माझ्या मी,” आई म्हणाली.

“हात कर पुढं.”

“तुम्ही? आणि मला?” आईनं दाराकडे पाहिलं, शेजारच्या खाटेकडे पाहिलं. नव्या नवरीसारखी लाजली ती, त्या वयात. “वेड लागलं का तुम्हाला?”

“लागू दे. हात ढिला सोड, गोदा.”

नाव ऐकून आई चमकली, पण हात ढिला सोडला. दुखण्यानं हात इतका वाळला होता की दाबायची गरजच नव्हती, बांगड्या आपोआप गेल्या असत्या. आबांनी तरी प्रत्येक बांगडीला अंगठ्याचं मूळ सावकाश दाबलं. डाव्या हातात एक जास्त घातली, आमच्यात घालतात तशी. पुऱ्या झाल्यावर बायका कासाराच्या पाया पडतात. आई वाकायला गेली, तर आबांनी तिला खांद्याला धरून थोपवलं.

त्या दिवसांतलं आईला काहीच आठवत नव्हतं. घरी गेल्यावर एकदा तिनं मला विचारलं, “मी काही भलतंसलतं बोलले का गं तिथं?” मी म्हटलं, “नाही. रेवड्या मागत होतीस.”

आबांना मात्र सगळं आठवत होतं. आईला घेऊन पाथर्डीला गेलो, त्या वाटेवर आई गाडीत झोपली असताना ते मला हळूच म्हणाले, “मी गेलो की त्या बांगड्यांना कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. माझ्यासाठी एकदा फोडून झाल्या, एकदा रडून झालं. एका नवऱ्यापायी बाईनं किती येळा फोडून घ्यायच्या?”

मी म्हटलं, “काहीतरी अभद्र बोलू नका.”

पुढच्या वर्षी संक्रांतीची गर्दी संपली आणि आबा दुकानातल्या गादीवर बसल्या बसल्या गेले. समोर हात पुढं करून बसलेल्या मुलीला वाटलं, पेंगले असतील.

आई रडली नाही. काठी टेकत ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तशीच बसून राहिली. त्यांना नेण्याआधी बायका जमल्या. ठकूआत्या रडून रडून लाल झाली होती, पण रीत ती रीत. तिनं आईचं मनगट धरलं आणि दुसऱ्या बाईकडे बघून खूण केली. मला आबांचे शब्द आठवले. मी पुढं झाले, तोंड उघडणार, तोच आईनं आपला हात सोडवून घेतला.

“वन्सं, ह्या त्यांनी भरल्यात,” ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. “जन्मात एकदाच भरल्या. काढायच्या असतील तर त्यांनाच उठवा. ज्यानं चढवल्या त्यानंच उतरवाव्या.”

“अगं वहिनी, कासार कधी उतरवतो का?” आत्या बोलून गेली, आणि बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. तिचा हात खाली आला.

आईनं दाराकडे पाहिलं. मग आत्याच्या गळ्यात पडून, दवाखान्यात रडली होती त्याच शब्दांत रडली, “तुमचा भाऊ गेला हो वन्सं!” बांगड्या आत्याच्या पाठीवर वाजत होत्या. मीसुद्धा दाराकडे पाहिलं. थर्मास घेऊन कुणी उभं नव्हतं.